विषय: ‘कप’ दाखवला की ‘कमळ पतंग’ वाचतो

नमस्कार मंडळी,

सुट्टीला सांगलीत माहेरी आलेय. लेक पाच वर्षांचा आहे. तिकडे, महाराष्ट्राबाहेर, आपल्या मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गात शिकून ‘क’पासून ‘ज्ञ’पर्यंत घडाघडा म्हणतो. पण काल ‘कप’ लिहून दाखवलं तर त्यानं ‘कमळ पतंग’ वाचलं! पेन्सिल दिली की दोन ओळींत हात दुखतो म्हणतो आणि उठून जातो. वर्गातल्या आणखी तीन-चार आया हेच सांगत होत्या. आपलं कुठे चुकतंय?

— विश्रामबागेतून, लेकाची आई

---

अगं, लेकराचं काही चुकलेलं नाही. आपण ‘क कमळाचा’ शिकवलं, तो तेच वाचतोय. अक्षराला चित्र चिकटलं आणि आवाज मागे राहिला. मी सांगलीत पंचवीस वर्षं बालवाडी घेतली. दरवर्षी दोन-तीन मुलं असंच वाचायची.

आधी कान तयार कर. पुस्तक बाजूला ठेव. जेवताना विचार, ‘मामा’ कशानं सुरू होतो? ‘मीठ’? ‘मका’? मग शेवटचा आवाज विचार. आठवडाभर एवढंच. मुलाला आवाज सुटा ऐकू आला की अक्षर त्याच्यावर आपोआप बसतं.

नंतर अक्षरं घे, पण तक्त्याच्या क्रमानं नको. तो क्रम घसा, टाळू, दात, ओठ असा उच्चाराच्या जागांवर लावलेला आहे. फार सुंदर आहे, पण मोठ्यांसाठी. आपल्याकडे पूर्वापार ‘ग म भ न’ने सुरुवात करतात, कारण त्यांची वळणं जवळची आहेत. त्यात ‘र’ घाल आणि बघ: गरम, नरम, मगर, गगन, नभ, भरभर. पाच अक्षरांत खरे शब्द वाचता येतात! मुलाला ‘मी वाचलं’ हे पहिल्याच आठवड्यात कळलं पाहिजे. ‘ग…र…म’ आधी सावकाश, मग पटकन म्हणून घे. शेवटच्या ‘म’मधला ‘अ’ बोलताना गळतो, ते पटकन म्हटल्यावरच त्याच्या लक्षात येईल.

मग काना: मामा, नाना, राग, भाग. त्यानंतर दीर्घ वेलांटी, म्हणजे ‘मी’ लगेच लिहिता येतं. ऱ्हस्व मागे ठेव. ती लिहायची अक्षराच्या आधी आणि ऐकू येते नंतर, तिथे मुलं हमखास अडखळतात. आणि ‘च’चे दोन उच्चार, ‘चार’मधला आणि ‘चाक’मधला, तिकडच्या मुलांना आवर्जून ऐकवा. त्यांच्या कानावर शाळेतला एकच पडतो.

हाताचं म्हणशील तर पेन्सिल सध्या काढूनच घे. शेंगा सोलू दे, कणीक मळू दे, मणी ओवू दे. बोटांत जोर आला की वळण येतं. आपले आजोबा-पणजोबाही धूळपाटीवर धुळाक्षरं गिरवायचे. ताटात बारीक रवा पसर आणि बोटानं मोठं ‘ग’ काढायला लाव. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं हीच त्यांची साधनं होती.

माझ्या नातीला इथल्याच एका बालवर्गानं चौथ्या वर्षी रोज पानभर ‘अ’ लिहायला दिलं होतं. पोरीनं वही धान्याच्या डब्यामागे लपवली. मला अजून त्याचं वाईट वाटतं. पाच वर्षांच्या मुलाला लिहिण्याची धास्ती बसता कामा नये गं.

— गावभागातली काकू

---

काकू, दहा दिवस झाले. तक्ता भिंतीवरून काढला. शेंगा सोलायला तो माझ्या आईच्या शेजारी बसतो आणि ‘शेंग, शाळा, शिट्टी’ असं स्वतःच जुळवतो. आज सकाळी परातीत रवा पसरला होता. आधी ‘ग’ उलटा निघाला, हातानं पुसला, पुन्हा काढला. मग ‘र’, मग ‘म’. थोडा वेळ नुसता बघत राहिला. ओठ हलत होते. ‘ग… र… म… गरम!’ आणि धावत जाऊन आजोबांच्या चहाच्या कपाला बोट लावून आला.

पुढच्या महिन्यात परत गेल्यावर रविवारच्या वर्गात हेच सुरू करू या. मंडळी, कडा असलेली दहा-बारा ताटं लागतील. कोणाकडे आहेत?