मदत हवी आहे: दाजींची पहिली सोडचिठ्ठी बाँडवरच झालीय, बहिणीनं आता घटस्फोट घ्यायचा की लग्न रद्द करून घ्यायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही कर्नाटकातल्या, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातले. बहिणीला महाराष्ट्रात चंदगडकडं दिलंय, लग्न आणि नोंदणी दोन्ही तिकडंच. सासरच्या कपाटात तिला एक जुना कागद सापडला. शंभराचा स्टॅम्प, 'उभयतां राजीखुशीने फारकत घेत आहोत', खाली एक सही, एक निळा अंगठा, पंचांची नावं आणि नोटरीचा गोल शिक्का. दाजींचं आधी एक लग्न झालेलं, हे बैठकीत कुणी चकार शब्दानं बोललं नव्हतं. पहिली बायको हयात आहे. कोर्टाचा हुकूमनामा नाही.

बहीण माहेरी आलीय, तिला दिवस गेलेत. मामा म्हणतात, "सोडचिठ्ठी झालीय की, गप नांदू दे." केस कुठं घालायची? बाळाचं काय?

प्रतिसाद १
मामांना सांगा, नोटरीच्या शिक्क्यानं हिंदू लग्न मोडत नाही. आपल्याकडं बाँडवर फारकत लिहायची खोडच आहे, त्याचे भोग दुसरीला येतात. अपवाद एकच: जातीत काडीमोडाची जुनी रूढी असेल तर कायदा ती मानतो (हिंदू विवाह कायदा 1955, कलम 29), पण ती कोर्टात शाबीत करावी लागते. दाजींचा वकील हेच म्हणणार.

रूढी शाबीत झाली नाही तर तुमच्या बहिणीचं लग्न मुळातच शून्य, त्याच कायद्याचं कलम 11. घटस्फोट लागत नाही, लग्न शून्य असल्याचा हुकूमनामा मागायचा. रूढी टिकलीच तर कलम 12 खाली फसवणुकीची मागणी पर्यायी म्हणून त्याच अर्जात घाला. या मागणीला मात्र मुदत आहे: फसवणूक कळल्यापासून एक वर्ष, आणि कळल्यावर राजीखुशीनं नांदली तर हक्क जातो. म्हणून "नांदू दे" हा सल्ला महागात पडेल.

बाळ कलम 16 प्रमाणे औरसच. पोटगीही, लग्न शून्य असलं तरी मागता येते, असं सुप्रीम कोर्टानं 2025 मध्ये सांगितलंय.

प्रतिसाद २
चंदगडला हेलपाटे कशाला? बायको राहते तिथल्या कोर्टात अर्ज चालतो, 2003 च्या दुरुस्तीपासून. कायदा केंद्राचा, सीमा ओलांडली म्हणून बदलत नाही. इकडं कामकाज कन्नड-इंग्रजीत, तेव्हा मराठी कागदांची भाषांतरं आधीच करून ठेवा.

धागाकर्ता
आभारी आहे. मूळ कागद सासरीच राहिलाय, मोबाईलवर फोटो आहे. चालेल?

प्रतिसाद १
फोटो डिलीट करू नका, मूळ कागद हजर करायची नोटीस वकील काढतील. पण दादा, खरी मेख वेगळी आहे. पहिलं लग्न विधीपूर्वक झालं होतं हे तुम्हाला शाबीत करावं लागेल. पत्रिका, लग्नातले फोटो, भटजी, आणि सगळ्यात भक्कम म्हणजे त्या पहिल्या बाईंची साक्ष. त्यांच्या माहेरचा पत्ता काढा, आणि भांडायला नाही, विचारायला जा.