महापालिकेच्या शाळेत शिकवताना : शिक्षकांचे अनुभव

महापालिकेच्या शाळांविषयी जे लिहिले जाते ते बहुधा घसरत्या पटसंख्येविषयी असते, नाहीतर एखाद्या गुणवंत विद्यार्थ्याच्या सत्काराविषयी. वर्गावर उभ्या असलेल्या शिक्षकाचा दिवस कशात जातो, हे त्यातून कळत नाही. महाराष्ट्रातील कोणत्याही शहरात महापालिकेच्या शाळेत शिकवणाऱ्या किंवा तेथून निवृत्त झालेल्या शिक्षकांनी तो दिवस येथे लिहावा, अशी विनंती आहे. शाळेचे आणि मुलांचे नाव मात्र देऊ नये.

सहशिक्षिका, इयत्ता दुसरी, मराठी माध्यम

माझा वर्ग मराठी माध्यमाचा असला तरी घरी मराठी बोलणारी मुले त्यात निम्मीही नसतील. बांधकाम मजुरांची मुले गोरमाटी, वडारी किंवा भोजपुरी बोलत येतात आणि शाळा जवळ आहे एवढ्याच कारणाने मराठी वर्गात बसतात. त्यांना मराठी शिकवणे मला अवघड वाटत नाही, कारण या वयाची मुले भाषा चटकन उचलतात. अवघड आहे ते त्यांना पटावर टिकवणे. एका इमारतीचे काम संपले की ठेकेदार माणसे दुसऱ्या साइटवर हलवतो आणि कुटुंब दाखला न मागताच निघून जाते. नव्या शाळेने ऑनलाइन विनंती पाठवली तरच मूल माझ्या यादीतून तिकडे जाते. ती आली नाही तर ते कागदोपत्री माझ्याच वर्गात राहते, आणि त्याची गैरहजेरी मांडताना ते दुसऱ्या शाळेत आहे की विटा वाहते आहे, हे मला ठाऊक नसते.

दुसरा प्रकार याच्या नेमका उलट आहे. जन्मदाखल्यावर एक नाव आणि आधार कार्डावर दुसरे असले की विद्यार्थी नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर आधार अवैध ठरते आणि ते मूल संचमान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे मंजूर करताना, धरले जात नाही. ते माझ्यासमोर रोज पाढे म्हणते, पण त्या हिशोबात नसते. दुरुस्तीसाठी पालकाला सोबत यावे लागते आणि त्याचा त्या दिवशी खाडा होतो. मजुरी बुडवून रांगेत उभे राहा, असे मी कोणत्या तोंडाने सांगणार? तरीही सांगते, कारण पदे कमी झाली की माझ्यासारखी एखादी अतिरिक्त ठरते आणि उरलेल्या बाईंच्या गळ्यात दोन वर्ग पडतात.

सहशिक्षिका, सहावी ते आठवी, गणित

शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमानुसार दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांवर सोपवता येतात. वाचताना हा अपवाद लहान वाटतो. मतदारयादीचे काम सुट्टीच्या दिवशी आणि अध्यापनाच्या वेळेबाहेर द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे; त्याचा व्यवहारातला अर्थ असा, की शाळा सुटल्यावर मी बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून दारोदार फिरते आणि उत्तरपत्रिका रात्री तपासते. सोसायटीचे वॉचमन मला कुरिअरवाली समजतात, त्याचीही आता सवय झाली आहे. माझी तक्रार श्रमांविषयी नाही. अपूर्णांकांत अडकलेल्या मुलांना थांबवून घेता येईल असा शाळा सुटल्यानंतरचा तेवढाच वेळ होता आणि तोच गेला. आठवीतल्या मुलाला भागाकार येत नसेल, तर तो तासिकेत बाकीच्या वर्गाबरोबर येणार नाही.

या फेऱ्यांतच शाळेत कधीही नाव न घातलेल्या दोन बहिणी मला सापडल्या, हेही सांगायला हवे. थोरलीला वयानुरूप प्रवेशाच्या तरतुदीमुळे थेट पाचवीत घेतले. अशा मुलांना विशेष प्रशिक्षण मिळावे असे कायदा म्हणतो. आमच्याकडे ते वर्गशिक्षिकेनेच मधल्या सुट्टीत दिले.

निवृत्त मुख्याध्यापक

दुसरीच्या बाईंना एक सुचवावेसे वाटते. प्रवेश देतानाच मुकादमाचा फोन क्रमांक लिहून घ्यावा. पालकांचे क्रमांक वरचेवर बदलतात, मुकादमाचा सहसा बदलत नाही.

पोषण आहाराविषयीही कोणीतरी लिहायला हवे. पाचवीपर्यंत १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य हे रोजचे प्रमाण ठरलेले आहे. आमच्या शाळेत मात्र अन्न शिजत नसे, ते केंद्रीय स्वयंपाकगृहातून टेम्पोने येई. टेम्पो रहदारीत अडकला की मधली सुट्टी पुढे ढकलावी लागे, आणि सकाळी चहा-खारीवर आलेल्या मुलांपुढे त्या वेळी काहीही शिकवणे व्यर्थ असे. वाढण्यापूर्वी शिक्षकाने खिचडी चाखून नोंदवहीत चव लिहायची असते. एकदा मी ‘आंबूस’ असे लिहिले आणि मुलांना बिस्किटे वाटली, तर खुलासा पुरवठादाराऐवजी माझ्याकडेच मागितला गेला.

सहशिक्षक, दोन सत्रांची शाळा

आमच्या इमारतीत सकाळी एक शाळा भरते आणि दुपारी दुसरी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, असा निर्णय शासनाने २०२४ मध्ये घेतला. तो मुलांच्या झोपेच्या दृष्टीने योग्यच होता, पण दुपारचे सत्र कोठे सरकवायचे याचे उत्तर त्यात नव्हते. शिवाय भिंत आमची नसते. मुलांनी केलेले तक्ते रोज उतरवून कपाटात ठेवावे लागतात.

सहशिक्षिका, इयत्ता पाचवी

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानुसार, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या माझ्यासारख्या जुन्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होणे भाग आहे. परीक्षेला माझा विरोध नाही. शिष्यवृत्तीचे जादा तास घेत असल्यामुळे गणिताची भीतीही नाही. बालमानसशास्त्राच्या व्याख्या मात्र पुन्हा पाठ कराव्या लागत आहेत, आणि त्या पाठ होत नाहीत.

सहशिक्षिका, इयत्ता पहिली, इंग्रजी माध्यम

वरचे अनुभव वाचून संकोच वाटतो, कारण माझ्याकडे पट घसरत नाही, तो वर्गात मावत नाही. पाचवीपर्यंत ३० मुलांमागे एक शिक्षक असावा असे कायदा सांगतो. माझ्या वर्गात दीडपट मुले आहेत, आणि जूनमध्ये प्रवेशासाठी आलेल्या पालकांना परत पाठवणे हे माझे सर्वांत नावडते काम आहे. ज्यांना प्रवेश मिळतो, त्यांच्या घरी इंग्रजी वाचू शकणारे कोणी नसते. म्हणून पहिल्या सत्रात मी बहुतेक गोष्टी मराठी-हिंदीतूनच समजावते. त्यावर पालकसभेत एका वडिलांनी विनंती केली, की “बाई, निदान रागवा तरी इंग्रजीत.” मी त्यांना हो म्हटले आणि आता “सिट डाउन” एवढे इंग्रजीत म्हणून पुढचे मराठीत बोलते.