चिवड्याचं कुरिअर परवडेना, वूकॉमर्समध्ये डिलिव्हरीचे दर कसे लावू?

कर्वेनगरची_चिवडेवाली

नमस्कार मंडळी. मी आणि सासूबाई घरून फराळ विकतो. पातळ पोह्यांचा चिवडा, भाजणीची चकली, बेसनाचे लाडू, मेतकूट. दोन वर्षं व्हॉट्सअ‍ॅपवर चाललं होतं. मग भाच्याने वूकॉमर्सवर, म्हणजे वर्डप्रेसच्या वेबसाइटवर दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरवर, दुकान थाटून दिलं आणि स्वतः नोकरीला बंगळुरूला गेला. जाताना डिलिव्हरीचा एकच दर ठेवून गेला, भारतभर ८० रुपये.

गेल्या आठवड्यात नागपूरची ऑर्डर आली. अर्ध्या किलोची चिवड्याची दोन पाकिटं आणि अर्धा किलो लाडू. घरच्या काट्यावर खोक्यासकट १ किलो ९०० ग्रॅम. कुरिअरवाल्याने बिल लावलं साडेचार किलोचं! पहिल्या अर्ध्या किलोला ४०, पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला २५, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८३ रुपये. विचारायला गेले तर म्हणे, "मॅडम, व्हॉल्यूम." सासूबाईंचं म्हणणं, वजन काय बघणाऱ्याप्रमाणे बदलतं का?

दुसरीकडे कोथरूडच्या एक बाई चिडल्या. "मी दोन चौकांवर राहते, ८० कसले घेता?" तेही खरंच.

तर ठिकाणाप्रमाणे आणि मालाप्रमाणे वेगवेगळे दर लावता येतात का? की त्यासाठी पैसे देऊन प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर, घ्यावं लागतं?

रविवारपेठी

ताई, तुम्ही हवा पाठवलीत आणि हवेचं भाडं भरलंत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये मोजा, तिन्हींचा गुणाकार करा आणि ५००० ने भागा. येईल ते किलोतलं वजन आणि काट्यावरचं वजन, यांत जे जास्त असेल ते बिलात लागतं, तेही पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत चढवून. काहींचा भाजक ५००० पेक्षा कमी असतो, म्हणजे भुर्दंड आणखी. करारात बघून घ्या.

मी तांब्या-पितळेची भांडी पाठवतो, माझं नेमकं उलटं. खोकं एवढंसं आणि वजन मणभर. दर लावायच्या आधी खोकं बदला. बोहरी आळीत हव्या त्या मापाचं मिळतं, घरी टीव्हीबरोबर आलेलं वापरू नका.

कर्वेनगरची_चिवडेवाली

टीव्हीचं नव्हतं काका, मिक्सरचं होतं. आत्ता मोजलं. ३५ गुणिले ३० गुणिले २०, भागिले ५००० म्हणजे ४.२. साडेचारच झाले की. कुरिअरवाल्याला उगाच बोलले.

पाकिटातली हवा काढून तोच माल ३०, २५, १८ च्या खोक्यात बसतोय. त्याचे येतात २.७, म्हणजे तीन किलो, म्हणजे १९५ रुपये. नुसतं खोकं बदलून ८८ रुपये वाचले!

कोडवाला_वारजे

काकू, प्लगइन लागणार नाही. वजनाप्रमाणे आपोआप दर हवे असते तर लागलं असतं, कारण नुसत्या वूकॉमर्सचा फ्लॅट रेट (ठरावीक दर) वजन बघत नाही. पण तुमचं काम शिपिंग क्लासवर, म्हणजे डिलिव्हरीसाठी पाडलेल्या मालाच्या गटांवर, भागेल.

आधी झोन, म्हणजे डिलिव्हरीचे विभाग, करा: पुणे, उरलेला महाराष्ट्र, उरलेला भारत. ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीरला कुरिअरचा दर बहुतेक वेगळा आणि चढा असतो, त्यांचा चौथा झोन ठेवा. पुण्याच्या झोनमध्ये पिनकोडच्या रकान्यात ४११* लिहा, म्हणजे ४११ ने सुरू होणारे सगळे येतात. आकडे इंग्रजीतच टाका हं. यादीत पुणे सगळ्यात वर हवं. वूकॉमर्स वरून खाली बघत येतं आणि पत्ता ज्या पहिल्या झोनमध्ये बसेल तिथेच थांबतं. महाराष्ट्र वर राहिला तर कोथरूडच्या बाई परत चिडतील.

मग दोन शिपिंग क्लास. "फुगीर" म्हणजे चिवडा, चकली आणि "जड" म्हणजे लाडू, मेतकूट. प्रत्येक पदार्थाला त्याचा क्लास लावा. महाराष्ट्राच्या फ्लॅट रेटमध्ये मूळ दर ७०. फुगीरच्या रकान्यात ५० गुणिले नग, जडच्या रकान्यात २५ गुणिले नग. गुणिलेसाठी फुलीऐवजी चांदणी, आणि नगासाठी चौकोनी कंसात क्यूटीवाय ही इंग्रजी अक्षरं. नुसतं ५० लिहिलंत तर दहा पाकिटांनाही पन्नासच लागतील, इथे बरेच जण फसतात. खाली हिशोबाचा प्रकार "प्रत्येक क्लासला वेगळा" असाच ठेवा. दुसरा पर्याय फक्त सगळ्यात महागडा क्लास मोजतो.

तुमची नागपूरची ऑर्डर: ७० + १०० + २५ = १९५.

वाघोलीकर

नेहमीप्रमाणे आम्हाला पुण्यात धरलं नाहीत. वाघोली ४१२२०७, मांजरी ४१२३०७, फुरसुंगी ४१२३०८. हे पिनकोड एकेका ओळीवर वेगळे लिहा. सरसकट ४१२* करू नका, त्यात वाई आणि महाबळेश्वरही येतात.

कोडवाला_वारजे

मान्य. वारज्यातून वाघोलीला निघालं की मध्ये जेवायची वेळ होते, म्हणून विसरलो.

जुनी_पुस्तकं

सूत्र ठीक आहे, पण साडेचारशेच्या मालावर १९५ डिलिव्हरी दिसली की गिऱ्हाईक पैसे भरायच्या पानावरून पळतं. मी अनुभवाने सांगते. थोडा खर्च मालाच्या किमतीत मुरवा आणि एका रकमेच्या वर डिलिव्हरी मोफत ठेवा.

कर्वेनगरची_चिवडेवाली

काल रात्री बसून सगळं केलं. पुण्यात ४० रुपये, ७०० च्या वर मोफत, आमचे हे ऑफिसला जाता-येता स्कूटरवर टाकतात. "घरी येऊन घ्या" हा पर्यायही ठेवला. महाराष्ट्राला मूळ दर ७० चा ५० केला आणि चिवड्याच्या पाकिटामागे १० रुपये वाढवले. किंमत सगळ्यांनाच वाढली, त्याचं जरा वाईट वाटतंय.

एक गोंधळ झाला. दिवाळीचं कूपन लावल्यावर ७४० ची ऑर्डर ६६६ वर आली आणि मोफत डिलिव्हरी गायब. तिथे "किमान रक्कम कूपनच्या आधी मोजा" अशी खूण करायची राहिली होती. आता केली.

वाघोली, वाई, नागपूर असे तिन्ही पत्ते घालून पाहिले, दर बरोबर येतात. सासूबाई पाकिटातली हवा काढायला बसल्यात. चिवडा चुरला तर त्याची तक्रार माझ्याकडे आणायची नाही, एवढं बजावलंय त्यांनी.