अनुभव धागा: एडीएचडी असलेल्या मुलामुलींसाठी कॉलेज कसं निवडलंत?

धागाकर्ता: उंबरठा
भाच्याची बारावी झाली. सीईटीचे पर्सेंटाइल बरे आहेत, आता कॅप राउंडला (केंद्रीय प्रवेशफेरीला) कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचाय. त्याला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष टिकवणं आणि कामं वेळेत उरकणं अवघड जातं. कटऑफ, फी, प्लेसमेंट यांची माहिती ढिगाने मिळते; अशा मुलाला कॉलेज सांभाळून घेतं का, यावर मात्र सगळीकडे एकच वाक्य : 'आमच्याकडे कौन्सेलर आहेत.' तुम्ही स्वतः किंवा तुमच्या घरातलं कुणी यातून गेलं असेल तर लिहा. गोळ्या द्याव्यात की नाही हा वाद कृपया इथे नको.

अबोली_ठाणे
कौन्सेलरच्या खोलीत नंतर जा, आधी परीक्षा विभागाच्या खिडकीवर जा. मुलीसाठी आम्ही कॉलेजं बघत होतो. नाव असलेल्या एका कॉलेजात कौन्सेलिंगची खोली छान होती, भिंतीवर पोस्टर वगैरे. पण मॅडम फक्त मंगळवारी येतात आणि किल्ली शिपायाकडे, तो बँकेत गेलेला. दुसरं कॉलेज साधंच. तिथे खिडकीवरच्या बाईंना विचारलं, "जादा वेळ मिळतो का?" त्यांनी ड्रॉवरमधून फाइल काढली. अर्ज कुठला, कधीपर्यंत द्यायचा, वेगळी खोली कुठली, लेखनिक (पेपर लिहून देणारा) कुणी आणायचा, सगळं पाच मिनिटांत. "गेल्या सेमला अशी मुलं होती आमच्याकडे," म्हणाल्या. तिथेच घेतलं.

कागदांचं आधी बघा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात नुसतं एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. अध्ययन अक्षमता (एलडी) आहे, ऑटिझम आहे. आमच्या मुलीला डिसग्राफियाही (लिहिण्यातली अडचण) आहे, त्यामुळे एलडीचं प्रमाणपत्र निघालं. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर सरकारी आणि अनुदानित संस्थांत ५ टक्के राखीव जागाही असतात. एलडीची तपासणी १४व्या आणि पुन्हा १८व्या वर्षी करून घ्यावी लागते. हे १८ नेमकं प्रवेशाच्या धामधुमीत येतं, तेव्हा हॉस्पिटलची तारीख आधीच घेऊन ठेवा.

कटिंग_चहा
मी स्वतः एडीएचडीवाला, मेकॅनिकल. निदान सेकंड इयरला झालं, तोवर 'धांदरट' हीच पदवी होती.

पेपरला जादा वेळ मिळावा म्हणून सगळे धडपडतात. माझा घात पेपरने नाही, टर्म वर्कने, म्हणजे सेमभराच्या जर्नल-सबमिशनने केला. जर्नल पूर्ण नाही, सही नाही, म्हणून डिफॉल्टर लिस्ट, म्हणजे काम अपुरं असणाऱ्यांच्या यादीत नाव. प्रयोग केलेला असायचा, रीडिंग कुठल्यातरी चिठ्ठीवर असायचं, चिठ्ठी पँटच्या खिशात आणि पँट धुवायला! सेमच्या शेवटी सगळी सबमिशन्स एकदम घेणारं कॉलेज असेल तर आमच्यासारख्यांचं काही खरं नाही. मला वाचवलं एका लॅबच्या सरांनी. ते प्रॅक्टिकल संपताना जर्नल तिथेच लिहून घ्यायचे आणि सही करूनच बाहेर सोडायचे. त्यांच्या विषयात कधी केटी लागली नाही, म्हणजे विषय राहिला नाही. तेव्हा सीनियर मुलांना गाठून विचारा, सबमिशन दर आठवड्याला की शेवटी? आणि डिफॉल्टर लिस्ट कितव्या आठवड्यात लागते? लवकर लागत असेल तर ते चांगलं लक्षण समजा, सावरायला वेळ मिळतो.

खडू_फळा
सीनियर कॉलेजात शिकवते. स्पष्टच लिहिते, राग नसावा. आमच्यातल्या बहुतेकांना एडीएचडीबद्दल कुणी प्रशिक्षण दिलेलं नाही. वर्गात शंभरावर मुलं. 'मेंटॉर' म्हणून यादीत माझ्या नावापुढे वीसेक मुलं असतात, त्यातली निम्मी फक्त सहीपुरती भेटतात. त्यामुळे छोटी बॅच हा निकष मी प्लेसमेंटच्या वर ठेवीन.

अबोली यांच्या माहितीत एक भर. ४० टक्के नसले तरी लेखनिकाचा दरवाजा बंद नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये विकास कुमार खटल्यात तसा निकाल दिला आणि केंद्राने ऑगस्ट २०२२मध्ये नियमावली काढली. मात्र ती लिहिण्यात अडचण असणाऱ्यांसाठी आहे, सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. लक्ष लागत नाही, एवढ्यावर ती लागू होईल असं धरून चालू नका.

न्यू_जर्सीकर
इकडे अमेरिकेतलं चित्र वेगळं. शाळेत मुलाचा ५०४ प्लॅन (सवलतींचा लेखी आराखडा) होता, मीटिंगला आम्हाला बोलावायचे. तो प्लॅन बारावीबरोबर संपतो. कॉलेजात मुलाने स्वतः डिसॅबिलिटी ऑफिसात नाव नोंदवायचं, रिपोर्ट द्यायचा, मिळालेलं पत्र दर सेमिस्टरला प्रोफेसरांपर्यंत पोचवायचं. म्हणजे जे काम त्याला सगळ्यात अवघड, तेच आधी! मार्कसुद्धा त्याच्या संमतीशिवाय कॉलेज आम्हाला दाखवायला बांधील नाही.

व्हरमाँटमधलं लँडमार्क कॉलेज अशाच विद्यार्थ्यांसाठी आहे. अ‍ॅरिझोना विद्यापीठात सॉल्ट सेंटर आहे, त्याची फी वेगळी. आम्ही राज्याचं विद्यापीठ घेतलं, कारण तिथे आठवड्याला ठरलेल्या वेळी भेटणारा कोच होता. अ‍ॅडमिशनआधी त्या ऑफिसला मेल मुलाकडूनच करवली. उत्तर किती दिवसांत आणि कसं आलं, यावरून यादीतली दोन नावं आपोआप गळली.

धुकं
इंग्लंडमध्ये मास्टर्स केलं. डिसेबल्ड स्टुडंट्स अलाउन्स, म्हणजे तिथला दिव्यांग विद्यार्थ्यांचा भत्ता, भारतातून स्टुडंट व्हिसावर आलेल्यांना नाही, त्या भरवशावर निघू नका. पण २०१०चा इक्वॅलिटी अ‍ॅक्ट आपल्यालाही लागू आहे, त्यामुळे जादा वेळ, डेडलाइनमध्ये सवलत, लेक्चरची रेकॉर्डिंग हे विद्यापीठाच्या डिसॅबिलिटी सर्व्हिसकडे मागता येतं. निदानाचा रिपोर्ट इंग्रजीत, डॉक्टरांच्या लेटरहेडवर न्या. गोळ्यांचे नियम देशागणिक वेगळे, तिकीट काढायच्या आधी तपासा.

परभणीचा_बाप
मुंबई-पुण्याच्या याद्या वाचून आमच्यासारख्यांना काय उपयोग? आमच्याकडे निवड म्हणजे घरापासून लांब की फार लांब. मुलाला हॉस्टेलला टाकलं असतं तर मेसची वेळ, गोळीची वेळ आणि आंघोळ यातलं एक रोज चुकलं असतं. मोठा मुलगा संभाजीनगरला नोकरीला आहे, म्हणून तिथलं कॉलेज घेतलं. त्याच्यापेक्षा वरचं कॉलेज नांदेडला मिळत होतं, सोडलं. नातेवाईक अजून ऐकवतात.

पहिल्या आठवड्यात एचओडींना (विभागप्रमुखांना) भेटलो, रिपोर्टची झेरॉक्स दिली. त्यांनी त्याला पहिल्या बाकावर बसवा वगैरे काही म्हटलं नाही. क्लासच्या सीआरला (वर्गप्रतिनिधीला) सांगितलं की व्हॉट्सअ‍ॅपवरच्या तारखा याला तोंडी पण सांगत जा. एवढंच. रात्री मोठा भाऊ जेवताना विचारतो, उद्या काय द्यायचंय? या वर्षी टर्म वर्क सगळं वेळेत गेलं. एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) राहिलाय, नोव्हेंबरला पुन्हा बसतोय.