गुडघ्याखालचा चट्टा, सीबीनॅट निगेटिव्ह: टीबी नाही म्हणायचं का?

प्रश्न: गडचिरोली जिल्हा, उपकेंद्र. रुग्ण बाई, वय ४२, वजन ४४ किलो, धानाच्या बांधीत मजुरी. डाव्या गुडघ्याखाली ३ वर्षांपासून तळहाताएवढा लालसर-तपकिरी चट्टा. एका कडेनं पसरतो, मधोमध पातळ वण. दुखत नाही, खाजत नाही. नायट्याची मलमं झाली, दुकानातलं स्टेरॉइड मलम झालं, मध्ये कोणी बिब्बाही लावला. मॉन्टू (टीबीसाठी हातावर टोचून बघायची चाचणी) १७ मिमी, एक्स-रे साफ, एचआयव्ही निगेटिव्ह, शुगर बरोबर. चट्ट्यातून तपासायला काढलेल्या तुकड्याच्या (बायोप्सी) रिपोर्टात ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींचे पुंजके), पण जंतू नाहीत. सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) तीही निगेटिव्ह. तालुक्याला टीबी नाही म्हणतात. पुढं काय करावं?

प्रतिसाद १: ताई, निगेटिव्ह सीबीनॅटवर फाइल बंद करू नका. एका कडेनं पसरणारा आणि मागं वण सोडणारा चट्टा म्हणजे ल्युपस व्हल्गॅरिसचा, म्हणजे त्वचेच्या टीबीचा संशय, आणि त्यात जंतू फारच थोडे असतात. मॉन्टूवर मात्र भिस्त नको. शरीरात संसर्ग झालेला आहे एवढंच ती सांगते.

तुकडा कुठून घेतला आणि कशात पाठवला, हे आधी विचारा. पसरत्या कडेवरून खोल घ्यावा लागतो. वणातून किंवा बिब्ब्यानं भाजलेल्या जागेतून घेतला तर रिपोर्ट फसवा येतो. सगळा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला असेल तर त्यात जंतू मरतात आणि कल्चर (जंतू वाढवून बघणं) होणारच नाही. दोन भाग करा: एक १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये सीबीनॅट आणि कल्चरसाठी. कल्चरला ६ ते ८ आठवडे लागतात. स्टेरॉइड मलम आजच बंद.

प्रतिसाद २: आपल्या भागात कुष्ठरोग आधी बाजूला काढा. ग्रॅन्युलोमा त्यातही दिसतो, आणि टीबीचं औषध रिफाम्पिसिन त्यालाही लागू पडतं, म्हणून औषधानं बरं वाटलं तरी निदान चुकलेलंच राहू शकतं. चट्ट्यावर कापसाची वात टेकवून संवेदना बघा. कोपराजवळची, गुडघ्याबाहेरची आणि मानेवरची नस जाड आहे का, चाचपून बघा. पॅथॉलॉजीला कुष्ठाच्या जंतूसाठी फाइट-फराको आणि बुरशीसाठी पास, दोन्ही स्टेन (तुकडा रंगवून बघायच्या पद्धती) मागा.

प्रश्नकर्ती: संवेदना शाबूत, नसा जाड नाहीत. पहिला तुकडा अख्खा फॉर्मॅलिनमध्येच गेला होता. वाट पाहताना लेव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक दिलं तर?

प्रतिसाद १: मुळीच नको. ते टीबीच्या जंतूवरही चालतं. अर्धवट दाबलं जातं, कल्चर बिघडतं, प्रतिरोधाची (जंतू औषधाला दाद न देण्याची) भीती वेगळी. दुसरा तुकडा नागपूरच्या मेडिकलला त्वचारोग विभागात काढून घ्या.

खूण टीबीचीच राहिली तर कल्चरची वाट पाहत बसायचं की नाही, हे तिथले डॉक्टर ठरवतील. औषध सुरू झालं की निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर) नोंद करा, पोषण आहाराचे महिन्याला १००० रुपये मिळतात. ३५ ते ४९ किलोच्या गटात चार औषधं एकत्र असलेल्या ३ गोळ्या रोज, २ महिने. मग तीन औषधं एकत्र असलेल्या ३ गोळ्या रोज, ४ महिने. सुरू करण्याआधी यकृताची तपासणी करा आणि लाल-हिरवा रंग ओळखता येतो का ते बघा. लघवी नारिंगी होते, ते आधीच सांगा, नाहीतर घाबरून गोळ्या सोडतात. उलट्या, डोळे पिवळे किंवा नजर मंद झाली तर गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे.

दर पंधरा दिवसांनी पट्टी शेजारी ठेवून फोटो काढा. ४ ते ६ आठवड्यांत कड बसायला हवी. बसली नाही तर निदान आणि प्रतिरोध दोन्ही पुन्हा तपासा. जुन्या वणात गाठ किंवा न भरणारी जखम आली तर कॅन्सरसाठी तुकडा काढायला लावा.

प्रतिसाद ३: घरातल्या सगळ्यांची खोकला, ताप आणि मानेच्या गाठींसाठी तपासणी करा. गंडमाळ दिसली तर गावात चिरा देऊ देऊ नका, तिथं नासूर होतो. सुईनं पाणी काढून तेच सीबीनॅटला पाठवा.