पन्हाळा–पावनखिंड: मोहीम की सहल?

रानवाट: एक पोस्ट फिरतेय. म्हणे पन्हाळा–पावनखिंड आता पावसाळी सहल झालीये, सॅक टेम्पोत आणि माणसं रेनकोटात, हा बाजीप्रभूंचा अपमान आहे. वाचल्यापासून डोकं भणभणतंय. अहो, मी तीनदा चाललोय. पहिल्या वर्षी मसाई पठारावर एवढं धुकं, की पुढच्याच्या सॅकचा पट्टा धरून चाललो. पुढे एका ओढ्याकाठी डावा बूट रुतला तो रुतलाच, नुसत्या मोज्यावर वाडी गाठली. १२ जुलै १६६० ची ती रात्र, सहाशे माणसं, खांद्यावर पालखी, मागावर सिद्दी मसूद आणि पायाखाली हाच चिखल. शाळेत पाठ केलं होतं, कळलं तिथं. सॅक टेम्पोत होती म्हणून ते खोटं?

शिलेदार७: पोस्ट माझीच आहे, नाव घ्यायला लाजू नका. 'स्वतःचं ओझं स्वतः वाहा' एवढंच लिहिलंय. आणि खिंडीत, त्या लोखंडी शिडीवर फोटो काढून लगेच पांढरपाण्याला बस गाठता, त्याचं काय? महाराजांना अजून विशाळगड गाठायचा होता, गडाखाली सुर्वे-दळव्यांचा वेढा फोडायचा होता. तुम्ही खिंडीतूनच मागे फिरता नि स्टेटसला 'मोहीम फत्ते'!

रानवाट: बरं बाबा. तीनपैकी एकदाच गडापर्यंत गेलोय. झालं समाधान? आता तुम्ही कितीदा गेलात तेही सांगा.

शिलेदार७: गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. २०११ मध्ये गेलो होतो.

रानवाट: म्हणजे एकदा. वा!

नेबापूरचा पाहुणा: चार उत्तरं झाली, शिवा काशीदचं नाव कुणाच्या तोंडी नाही. दुसऱ्या पालखीत महाराज बनून कोण बसलं होतं? जीव कुणाचा गेला? पन्हाळ्याच्या पायथ्याशी समाधी आहे, तिथं दोन मिनिटं थांबायला तुम्हाला वेळ नसतो. बाजी सरदार, त्यांना पन्नासेक किलोमीटरची यात्रा. न्हाव्याच्या पोराला काय, एक ओळ?

रानवाट: हे मात्र खरं. आम्हीही थांबलो नव्हतो.

पुणेरी पायताण: पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच जातोय. जळवांसाठी काय न्यावं? मीठ पुरतं का?

तळकोकण: मीठ कसलं! तंबाखूचं पाणी करून मोज्यांना चोळा. माझे आजोबा आयुष्यभर तेच करायचे.

डॉक्टरबाई: मीठ नको, तंबाखू नको. मीठ पडलं की जळू आत ओकते. तोंडाशी नख घालून बाजूनं सरकवा. नंतर रक्त वाहतंच, ती सोडते त्या हिरुडिनमुळे गोठत नाही. घाबरू नका.

तळकोकण: आजोबा नव्वदीपर्यंत जगले. तुमचं हिरुडिन त्यांना माहीत नव्हतं.

डॉक्टरबाई: मग आजोबांनाच विचारा ना, धाग्यावर कशाला येता!

पुणेरी पायताण: भांडू नका हो. म्हणजे मीठ नेऊ की नको?

वाडीवरचा: जळवा गेल्या खड्ड्यात! आमचं खाचर त्याच वाटंवर हाय. आषाढात रोपलावण चालू असती. गेल्या साली शे-दीडशे पोरं बांध निसरडा हाय म्हणून सरळ खाचरातनं गेली. आई इरलं घिऊन वाकली हुती. तिनं वर बघितलं, काय बोलली न्हाई, दबलेलं रोप बोटानं हुबं करत बसली. त्यातला एकजण म्हणतोय, "मावशी, जय शिवराय म्हणा की, व्हिडिओ काढतोय." रयतेच्या भाजीच्या देठालाबी हात लावू नका म्हणणाऱ्या राजाचं नाव घेतासा आन् भात तुडवतासा?

शिलेदार७: हेच तर मी म्हणत होतो.

वाडीवरचा: न्हाई, तुमी वझ्याचं म्हणत हुता. सॅक पाठीवर असली तरी पाय आमच्याच रोपावर पडत्यात. टेम्पोवाला निदान रस्त्यानं जातोय, आमच्याच गावचा हाय, चार पैसं मिळत्यात त्याला.

रानवाट: दादा, वाडी कुठली तुमची? पुढच्या खेपेला आमची पोरं लांबून वळसा घालून नेतो.

वाडीवरचा: वाडीचं नाव कशाला? बांधावरनं चाला, एका मागं एक. घसरला तर पडा, चिखलच हाय.

तळकोकण: पटलं. पण मोज्यांना तंबाखू चोळाच.