उत्तर : 'बोर्ड'ची मूळ फळी

'लॉजिंग-बोर्डिंग'मधल्या बोर्डाचा शाळेच्या बोर्डाशी काय संबंध, असा प्रश्न एका वाचकाने विचारलाय. संबंध आहे, आणि तो फार सुंदर आहे. बोर्ड म्हणजे मुळात लाकडाची फळी. फळीचं झालं जेवणाचं टेबल, टेबलावरून जेवण, म्हणून बोर्डिंग म्हणजे जेवणाची सोय. त्याच टेबलाभोवती कारभारी बसले की ते संचालकांचं बोर्ड. आपण त्याला 'मंडळ' म्हणतो: इंग्रजांनी टेबल पाहिलं, आपण भोवती बसलेल्यांचं कडं.

'कबर्ड' मला सगळ्यात जवळचा. इथे इंदुरात, रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी स्वयंपाकघरात सागाची एक फळी होती. आजी तिच्यावर पितळी फुलपात्री घासून उपडी मांडायची. कपबोर्ड म्हणजे मुळात नेमकं हेच, पेले मांडायची फळी! दारं नंतर आली.

जहाजावरचं 'स्टारबोर्ड' मात्र ताऱ्यांचं नव्हे. जुन्या जहाजांचं सुकाणू उजव्या बाजूला असे, म्हणून ती सुकाणूची बाजू. इथे बोर्ड म्हणजे जहाजाची कड.

आणि हो, फळीवरून माणसांवर जाणं आपल्यालाही नवीन नाही. 'दुसऱ्या फळीतले नेते', 'फलंदाजीची मधली फळी' आपण रोज म्हणतो. 'पाट' घ्या: बसायचा पाट, पाण्याचा पाट, आणि पाट लावणं म्हणजे पुनर्विवाह. यातल्या पाण्याच्या पाटाबद्दल कुणी सविस्तर लिहिलं तर मला फार आवडेल.